लूप कार्पेटची सफाई: धागा न उसवता, पाठ न भिजवता

नीरगाठ

पुण्यात ऑफिसांमधल्या कार्पेट सफाईचं काम करतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागात जी कार्पेटं अंथरलेली दिसतात त्यातली बहुतेक लूप पाइलची (पाइल म्हणजे कार्पेटवरचा धाग्यांचा थर). त्यातली कितीतरी मळण्यापेक्षा चुकीच्या धुण्यानंच वाया जाताना बघतोय, म्हणून हा धागा. ऑफिसची व्यवस्था बघणारे, हॉटेलच्या हाउसकीपिंगमधले, घरात असं कार्पेट असलेले, सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा.

आधी हे कार्पेट बनतं कसं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कट पाइलमध्ये धाग्याची टोकं वर कापलेली असतात, प्रत्येक झुबका सुटा. लूपमध्ये धागा कापलेलाच नसतो. एकच धागा खालच्या जाळीतून वर येतो, वळतो, परत खाली जातो आणि रांगेनं असाच पुढे जात राहतो. ही जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. तिच्या पाठीवर लॅटेक्सचा थर आणि त्याखाली दुसरं बॅकिंग. लॅटेक्सची पकड आहे तोवर लूप जागेवर. पकड ढिली झाली आणि एखाद्या लूपला ओढ बसली, की स्वेटरची वीण उसवावी तशी रांगच्या रांग निघत जाते.

म्हणजे नुकसानीची मुख्य कारणं दोनच, ओढ आणि पाणी. त्यातही पाणी जास्त घातक, कारण सतत भिजून पाठीची पकड कमजोर झाली की ओढ सोसायची ताकदच उरत नाही.

माझी पद्धत अशी.

दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवी धरायची आणि त्या तिरप्या उजेडात कार्पेट बघायचं. वर आलेलं एकेक लूप सावलीसकट दिसतं. स्टेपलरच्या पिना, खुर्चीच्या चाकांनी ओढलेले धागे, जोडावर सुटलेल्या कडा, सगळं त्यात सापडतं. वर आलेलं टोक बारीक कात्रीनं बाकीच्या लूपच्या उंचीला कापायचं. उपटायचं नाही, कधीच नाही. फोटो काढून ते ग्राहकाला काम सुरू व्हायच्या आधी दाखवायचे.

मग मशीनची तपासणी. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पाणी फवारून लगेच परत ओढून घेणारं मशीन, वाँड म्हणजे त्याचा हातात धरायचा दांडा. या वाँडची जी धातूची कड कार्पेटवर घासते, तिच्यावरून जुना नायलॉनचा पायमोजा फिरवायचा. तो कुठे अडकला तर तिथे खरखर आहे आणि तीच खरखर लूप ओढणार. बारीक पॉलिश पेपरनं कड गुळगुळीत केल्याशिवाय वाँड खाली टेकवायचा नाही. आमच्या टीममध्ये हा नियम मोडायची कुणाला मुभा नाही.

त्यानंतर कोरडं व्हॅक्यूम, आणि ते सावकाश. कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडीच असते. माती, वाळू, बुटांबरोबर आलेला कच. लूपच्या दाटीत ती खाली जाऊन बसते. ती काढायच्या आधी पाणी मारलं तर तिचा चिखल होतो आणि तो कुठल्याच मशीनला पूर्ण निघत नाही. जाड लोकरीच्या लूपवर फिरता ब्रश बंद ठेवून नुसत्या ओढीवर व्हॅक्यूम करायचं, नाहीतर लूप पिंजारतात. ऑफिसच्या घट्ट, आखूड लूपला ब्रश चालतो, फक्त त्याची उंची नीट लावून घ्यायची.

मग प्री-स्प्रे, म्हणजे धुण्याआधी मारायचं मळ सोडवणारं रसायन. फवारा हलका आणि सगळीकडे सारखा, दहा मिनिटं मुरू द्यायचा पण वाळू द्यायचा नाही. घासायचं ते एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या दोन ब्रशांच्या मशीननं, मऊ ब्रश लावून, लूपच्या रांगेच्या दिशेनं. फरशी घासायची सिंगल डिस्क मशीन आणि तिचा कडक ब्रश लूपवर आणूच नये. गोल फिरताना ती लूपला पीळ घालते आणि ते गोल वळसे नंतर उजेडात कायम दिसत राहतात.

शेवटी एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरनं धुऊन पाणी ओढून काढणं. पाण्याचा दाब कमी. एकदा पाणी सोडत मागे यायचं आणि त्याच पट्ट्यावरून किमान दोनदा, शक्यतो तीनदा, पाणी बंद ठेवून नुसतं ओढायचं. मुलं घाईत हेच गाळतात. पाणी घालायला काहीच लागत नाही, काढणं हेच खरं काम आहे.

सहा ते आठ तासांत कार्पेट हाताला कोरडं लागायला हवं. चोवीस तासांच्या वर ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात खिडक्या उघडून काही साधत नाही, बाहेरची हवाच ओली असते. एसी चालू, ब्लोअर जमिनीलगत, आणि जमलं तर डिह्युमिडिफायर. फर्निचर परत ठेवताना पायांखाली प्लास्टिकचे तुकडे सरकवा. लोखंडी पायांचा गंज आणि लाकडी पायांचं पॉलिश ओल्या कार्पेटवर उतरतं आणि मग निघत नाही.

ऐरोलीकर

फार उपयोगी लिहिलंय. आमच्या ऑफिसचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) आहे. ठेकेदाराची माणसं येऊन शॅम्पू करून जातात. दुसऱ्या दिवशी कार्पेट छान दिसतं, पण काही आठवड्यांत आधीपेक्षा काळं. येण्या-जाण्याच्या वाटेवर तर चक्क पट्टा उमटतो. त्यांचं म्हणणं, तुमची माणसंच जास्त. हे खरं असू शकतं का?

नीरगाठ

@ऐरोलीकर, माणसांचा वाटा आहेच, पण इतक्या लवकर काळं पडतंय म्हणजे शॅम्पू आत राहतोय. साबणाचा चिकट अंश लूपवर बसतो आणि येणाऱ्या प्रत्येक बुटाची धूळ धरून ठेवतो. खात्री करायची असेल तर त्या पट्ट्यावर वाटीभर गरम पाणी ओता आणि पांढऱ्या फडक्यानं चोळा. फेस आला तर उत्तर मिळालं.

उपाय म्हणजे एकदा साबण न घालता धुणं. एक्स्ट्रॅक्टरच्या टाकीत साधं पाणी, त्यात सौम्य आम्ल रिन्स (उरलेला साबण काढणारं द्रावण). मळकं पाणी जमा होतं त्या टाकीत डिफोमर (फेस मारणारं रसायन) घालायला सांगा, नाहीतर निघणारा फेस मोटरपर्यंत पोचेल. पाणी बोअरवेलचं किंवा टँकरचं असेल तर तेही बघा. जड पाण्यातले क्षार साबणाबरोबर मिळून आणखी एक थर बसवतात.

आणि दारात पायपुसणं किती लांब आहे? माणसाची चार-पाच पावलं पडतील इतकं तरी हवं. तिथे अडलेली माती पुढे कुणाला धुवावी लागत नाही.

वाटसरू

वाचनखूण साठवली. मराठीत या विषयावर इतकं तपशिलात पहिल्यांदाच वाचतोय.

मांडवीकाठ

गोव्यात हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये आहे. तुमची पद्धत बरोबरच आहे, पण आमच्या कॉरिडॉरला आठ तास वाळायला मिळत नाहीत. पाहुणे रात्री दोनला येतात, पहाटे पाचला विमानाला निघतात. म्हणून आम्ही बॉनेट करतो. ओलसर सुती पॅड मशीनखाली लावून फिरवायचं, तासाभरात माणसं चालू शकतात. तुम्ही सिंगल डिस्क आणूच नये म्हणता, ते हॉटेलवाल्यांना परवडणारं नाही.

नीरगाठ

@मांडवीकाठ, अडचण पूर्ण समजते. बॉनेटबद्दल माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, पॅड वरची घाण टिपतं आणि उरलेली खाली ढकलतं. दोन, पॅड सुकलं किंवा मळानं भरलं तरी मुलं तेच फिरवत राहतात, आणि कोरड्या पॅडची घासण लूपला पीळ घालते, पिंजारते. काही कार्पेट उत्पादक बॉनेट करू नका असं सांगतात, ते यामुळेच.

तुमच्यासाठी एन्कॅप्स्युलेशन जास्त बरं पडेल. त्यातलं रसायन सुकताना मळाभोवती ठिसूळ स्फटिक तयार करतं आणि ते पुढच्या रोजच्या व्हॅक्यूममध्ये निघून जातात. पाणी फारच कमी लागतं, तासा-दीड तासात कॉरिडॉर मोकळा. मशीन दोन उलट्या ब्रशांचं घ्या. पण ही मधल्या काळातली सफाई झाली. तळाशी बसलेलं काढायला एक्स्ट्रॅक्शन लागतंच. बरेच उत्पादक दर १२ ते १८ महिन्यांनी ते सुचवतात, हॉटेलच्या कॉरिडॉरला त्याहून लवकर करावं लागेल.

मांडवीकाठ

एन्कॅप करून बघण्यासारखं आहे. गोव्यात मोठी सफाई मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकायची आणि पुढची पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, असं बसवता येईल. जून ते सप्टेंबर इथे काही म्हणजे काही वाळत नाही. त्या दिवसांत गर्दीही कमी, मग एकेक मजला बंद ठेवून डिह्युमिडिफायर लावता येतो. पॅडबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय. आम्ही आता किती चौरस मीटरला पॅड उलटायचं आणि कधी बदलायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

इचलमाग

इचलकरंजीचा आहे, सगळा जन्म सुतात गेला. तंतूबद्दल थोडी भर घालतो, कारण धागा कशाचा आहे हे कळल्याशिवाय रसायनाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

कोपऱ्यातून, कपाटाखालून, दोन-चार तंतू कापून घ्या. पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं कारण त्याची घनता ०.९१ च्या आसपास, पाण्याहून कमी. नायलॉन १.१४, लोकर १.३१, पॉलिस्टर १.३८, हे सगळे बुडतात. फक्त तंतू पाण्यात नीट दाबून भिजवा, नाहीतर अडकलेल्या हवेनं नायलॉनही तरंगेल आणि फसवेल. बुडाला तर दुसरा तंतू चिमट्यात धरून मोकळ्या जागेत जाळा. जळक्या केसांचा वास आणि बोटानं चुरा होणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर.

याचा उपयोग काय? पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचं वावडं आणि तेलाची ओढ. केसांचं तेल, स्वयंपाकघरातून पायांबरोबर आलेला तेलकटपणा ते घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तिथे तेल सोडवणारं प्री-स्प्रे हवं. रंग मात्र बहुधा तंतू तयार होतानाच आत मिसळलेला असतो, तो सहसा जात नाही. नायलॉनचं उलट. ते आम्ल रंग पटकन पितं, म्हणून लाल सरबत सांडलं की डाग पडत नाही, धागा रंगतोच. लोकर अल्कलीला भिते. तिथे रसायनाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साडेआठाच्या वर नेऊ नका आणि पाणी कोमटच ठेवा. क्लोरीनचं ब्लीच तर लोकरीजवळ आणूच नका, लोकर त्यात विरघळते. ही अतिशयोक्ती नाही, काचेच्या भांड्यात लोकरीचा धागा घालून ठेवा, स्वतः बघाल.

लीड्सवासी

इंग्लंडहून लिहिते. इथे भाड्याच्या घरात बेजरंगी बर्बर (जाड धाग्याचं) लूप आहे. इचलमाग यांनी सांगितलं तसं तंतू पाण्यात टाकला, तरंगला. दोन प्रश्न. कॉफीचा डाग सुपरमार्केटातून भाड्यानं आणलेल्या मशीननं पूर्ण निघाला होता, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर त्याच जागी परत आला, आकारानं मोठा होऊन. आणि सोफा ओढला तिथे चकचकीत रेघ उमटलीय, ती धुऊन जात नाही. घर सोडायचंय आणि मालक म्हणतात व्यावसायिक सफाईची पावती द्या.

नीरगाठ

@लीड्सवासी ताई, डाग परत आला म्हणजे कॉफी खाली बॅकिंगपर्यंत पोचली होती. मशीननं वरचं काढलं, पण भरपूर पाणीही घातलं. वाळताना ते पाणी लूपमधून वर चढतं आणि खालची कॉफी बरोबर घेऊन टोकाशी सोडतं. लूपमध्ये हे फार होतं, कारण धागा तळापासून वरपर्यंत अखंड असतो.

परत भरपूर पाणी घालू नका. जागा हलकी ओलसर करा, पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर चालेल. वर पांढऱ्या सुती टॉवेलची जाड घडी, तिच्यावर प्लास्टिक आणि वजन ठेवून रात्रभर राहू द्या. वर चढणारा रंग लूपच्या टोकाशी न थांबता टॉवेलमध्ये जाईल. डाग फिका होईपर्यंत दरवेळी कोरडा टॉवेल घेऊन हेच करत राहा. चोळू मात्र नका.

चकचकीत रेघ हा मळ नाही. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सियसला वितळतं आणि जड सोफा ओढताना घर्षणानं तंतूचं टोक तेवढं तापू शकतं. ते वितळून सपाट झालंय. कुठलंही रसायन ते परत आणणार नाही. इथून पुढे फर्निचर उचलूनच हलवा.

पेनाइन्स

लीड्सवासी, पावतीबद्दल सांगतो. इंग्लंडमध्ये टेनंट फीज ॲक्ट २०१९ लागू झाल्यापासून घरमालक भाडेकरूला व्यावसायिक सफाईचे पैसे भरायला भाग पाडू शकत नाही. घर ज्या स्वच्छतेत मिळालं त्याच स्वच्छतेत परत द्यायचं, वापरानं होणारी साधी झीज वगळून, एवढीच अपेक्षा. राहायला आलात तेव्हाची इन्व्हेंटरी (घराच्या स्थितीची यादी) आणि फोटो काढून ठेवा. सोफ्याच्या रेघेबद्दल मात्र ते अनामतीतून काही मागू शकतात, ती झीज धरली जाईलच असं नाही.

लीड्सवासी

दोघांचे मनापासून आभार. टॉवेलचा उपाय लागू पडला, डाग आता शोधावा लागतो.

सांजवात

ऑफिसात सणाच्या जेवणात मसालेभाताचं पातेलं कलंडलं. हाउसकीपिंगच्या मुलानं लगेच कपडे धुण्याची पावडर लावली आणि पिवळा डाग एकदम लालभडक झाला. तो पोरगा रडवेला झालाय. कार्पेट जळलं का?

नीरगाठ

त्याला आधी सांगा, काही जळलेलं नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, कुंकू करतात त्यातलाच हा प्रकार. पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालून टिपा, लाल परत पिवळं होईल.

पिवळं काढायला वेळ लागेल. आधी चमच्यानं शितं उचला, कडेकडून मधे या. तेल आहे म्हणून ड्राय स्पॉटर (तेल सोडवणारं बिनपाण्याचं रसायन) पांढऱ्या फडक्यावर घेऊन टिपा. नंतर न्यूट्रल डिटर्जंट, मग साधं पाणी, आणि व्हॅक्यूमनं ओढून घ्या. तरीही छटा राहिली तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण आधी कपाटाखाली थेंब टाकून कार्पेटचा स्वतःचा रंग उडत नाही ना ते बघून. जागा खिडकीपाशी असेल तर पडदा उघडा ठेवा. उन्हात कर्क्युमिनचा रंग आपोआप विरतो, घाई नसेल तर हाच सगळ्यात सुरक्षित उपाय.

चहाच्या डागालाही पावडर लावू नका. टॅनिन अल्कलीत आणखी गडद होतं.

मनीमाऊ

आमच्या मांजरीनं पायरीवरच्या लूप कार्पेटची वीतभर रांग ओढून काढलीय. धागा अजून लोंबतोय. कापू का?

नीरगाठ

थांबा, कापू नका. एखादं टोक वर आलं असेल तर कापायचं, इथे पूर्ण रांग निघाली आहे. धागा शाबूत आहे हे चांगलं. आधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून पुढचं उसवणं थांबवा, आणि तिथे व्हॅक्यूम नको. मग रिकाम्या पडलेल्या चरात कार्पेटचा लॅटेक्स गोंद बारीक नळीनं सोडायचा आणि तोच धागा बोथट स्क्रू ड्रायव्हरनं एकेक लूप करत, शेजारच्या रांगेची उंची बघत, बसवत जायचा. गोंद पुरता वाळेपर्यंत पाय नको. कामाला धीर लागतो, पण नीट जमलं तर नंतर जागा ओळखू येत नाही. पायरीच्या कडेला असेल तर जाणकाराकडून करून घ्या, तिथे पायाची ओढ सतत बसते.

गोदाकाठ

भदोहीहून आणलेला लोकरीचा लूपचा गालिचा आहे. सोसायटीतले म्हणतात गच्चीवर नेऊन पाइपनं धुवा, ब्रशनं घासा. करावं का?

इचलमाग

गोदाकाठ, आधी तो उलटा करून बघा. पाठीला कापड चिकटवलेलं दिसलं तर तो हँड टफ्टेड आहे, म्हणजे धागा गाठ न मारता कापडात टोचून गोंदानं बसवलेला. त्या कापडाखाली लॅटेक्स आहे. भदोहीत हाताच्या गाठींचे गालिचेही होतात आणि टफ्टेडही, दोन्ही सुंदर, पण धुण्याच्या दृष्टीनं अगदी वेगळे. टफ्टेड गच्चीवर भिजवला तर लॅटेक्स आणि कापड दिवसेंदिवस ओलं राहतं, वास धरतं, थर सुटतात. सुती कापडातून तपकिरी रंग लोकरीत चढतो तो वेगळाच. तो चढलाच तर सौम्य सायट्रिक ॲसिडची हलकी फवारणी आणि लगेच वाळवणं, एवढंच करता येतं.

घरी करायचं तर उलटा घालून पाठीवर हातानं थोपटा, आतली वाळू खाली पडेल. मग सुलटा करून ब्रश न लावता व्हॅक्यूम. बाकी लोकर जाणणाऱ्याकडे द्या, आणि देताना विचारा, पीएच किती वापरणार आणि किती तासांत वाळवणार. यावर ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडे देऊ नका.

उमेद

मी या धंद्यात नव्यानं उतरतोय. प्रशिक्षण कुठून घ्यावं? आणि एका आयटी ऑफिसचं पहिलं काम मिळतंय, तिथे सलग कार्पेट नाही, चौकोनी टाइल आहेत. पद्धत तीच का?

नीरगाठ

@उमेद, अभिनंदन. अमेरिकेतल्या आयआयसीआरसी या संस्थेचं एस१०० नावाचं मानक आहे, कापडी आच्छादनांच्या व्यावसायिक सफाईचं. ते मिळवून वाचा, या कामाची शिस्त त्यातून कळते. रसायन विकणाऱ्यांकडून माहितीपत्रक मागून घ्या आणि त्यावरचा पीएच वाचल्याशिवाय कॅन उघडू नका. कोटेशनमध्ये तंतू कोणता, आधीचं नुकसान काय, कुठले डाग जाणार नाहीत हे लिहून सही घ्या. वाद तिथेच मिटतात.

टाइलबद्दल. ५० बाय ५० सेंटिमीटरच्या असतील. पाठ पीव्हीसी किंवा बिटुमेनची, त्यामुळे आक्रसत नाही आणि लूपची पकडही चांगली. पण आयटी ऑफिसात खाली बऱ्याचदा रेज्ड फ्लोअर (मूळ जमिनीवर उचलून बसवलेली पोकळ फरशी) असतो आणि त्याच्या पोटात विजेच्या आणि डेटाच्या केबल. टाइलच्या फटीतून पाणी उतरलं तर ते थेट तिथे जातं. म्हणून पहिल्याच दिवशी ऑफिसच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन एक-दोन टाइल उचलून खाली काय आहे ते डोळ्यांनी बघा. रेज्ड फ्लोअर असेल तर एन्कॅपच करा. फ्लोअर बॉक्स (जमिनीत बसवलेल्या प्लगच्या पेट्या) झाकून घ्या आणि त्यांच्याभोवती हातानं, फडक्यानं काम करा.

ज्या टाइलचा डाग काही केल्या जात नाही ती घासत बसू नका. कपाटाखालची तशीच टाइल काढून तिथे बसवा आणि डागाळलेली कपाटाखाली. उलटवलीत की पाठीवर बाण दिसेल. शेजारच्या टाइलचा बाणही बघून घ्या आणि मूळ मांडणीत दिशा जशी असेल तशीच ठेवा, नाहीतर लूपवर उजेड वेगळा पडतो आणि बदललेली टाइल लांबूनही कळते.

उमेद

शनिवारी टाइल उचलून बघतो आणि फोटो टाकतो.